आधी कणीक, मग पेन्सिल

तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे पहिल्यांदाच पाहणारा माणूस गोंधळून जातो. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात; इथे जेमतेम दोन-तीन दिसतात आणि बाकी सगळी मोकळी जागा. हाडं हरवलेली नसतात. त्या वयात ती कूर्चेची, म्हणजे कानाच्या वरच्या कडेसारखी लवचिक असतात आणि एक्स-रेवर कूर्चा उमटत नाही. पुढच्या वर्षांत ती एकेक करून कठीण होत जातात. शेवटचं, वाटाण्याएवढं हाड दिसू लागेपर्यंत मूल तिसरी-चौथीत गेलेलं असतं. हा क्रम इतका ठरलेला आहे की हाताचा एक्स-रे पाहून डॉक्टर मुलाच्या 'हाडांचं वय' सांगू शकतात.

नेमक्या याच काळात आपल्याकडे मुलांच्या हातात पेन्सिल येते. ज्युनिअर केजीच्या वहीत उभ्या, आडव्या, तिरप्या रेघांची पानंच्या पानं भरायची असतात आणि 'हात दुखतो' म्हणणारं मूल आळशी ठरतं. मग समाजमाध्यमांवर हाच एक्स-रे फिरतो : हाडंच तयार नाहीत, तर मूल लिहिणार कसं? तक्रार रास्त आहे, पण दिलेलं कारण तितकंसं बरोबर नाही. दोन वर्षांची मुलं त्याच कूर्चेच्या मनगटानं डब्याची झाकणं फिरवतात, वरणभात चमच्यानं तोंडात घालतात. लिहिताना कमी पडतं ते बोटांच्या लहान स्नायूंचं बळ आणि त्या स्नायूंवरचा मेंदूचा ताबा. हाडं आपली आपण कठीण होतात. ताबा मात्र वापरानं येतो.

तो किती मोठा उद्योग आहे याचा अंदाज मेंदूच्या नकाशावरून येतो. मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विद्युतस्पर्श करून कोणता भाग कोणत्या अवयवाला हलवतो हे नोंदवलं आणि १९३७ मध्ये त्याचं चित्र प्रसिद्ध केलं. त्या चित्रातल्या माणसाचे हात सुपाएवढे आहेत आणि धड काडीसारखं. पाठ, पोट, मांड्या यांना मिळून जेवढी जागा मेंदू देत नाही, त्याहून कितीतरी अधिक तो हाताला देतो. अंगठ्याचा वाटा त्यात स्वतंत्रपणे उठून दिसावा इतका मोठा आहे.

पकड तयार होण्यालाही पायऱ्या आहेत. नऊ महिने ते वर्ष या सुमारास बाळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत चुरमुरा उचलू लागतं. दीड वर्षाचं मूल मेणखडू मुठीत धरतं आणि अख्खा हात खांद्यापासून फिरवत रेघोट्या मारतं. तिसऱ्या वर्षाच्या आसपास बोटं खडूच्या टोकाकडे येतात, पण हालचाल मनगटाची आणि कोपराची असते. चार वर्षांच्या आगेमागे अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशी तीन बोटांची पकड दिसू लागते; तीच बोटं स्वतंत्रपणे हलवून अक्षर वळवणं बहुतेकांना पाच-सहा वर्षांच्या सुमारास जमतं. ही सरासरी आहे. शेजारच्या मुलीला चौथ्या वर्षी जमलं म्हणून आपल्या मुलाला जमलंच पाहिजे, असं त्यातून निघत नाही. पायऱ्या मात्र गाळता येत नाहीत. आणि या पायऱ्या चढवणारी कामं वहीत फारशी नसतात, ती स्वयंपाकघरात आणि रद्दीच्या गठ्ठ्यात असतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा मॉन्टेसरीची महागडी साधनं गावातल्या मुलांसाठी परवडण्यासारखी नव्हती. त्यांनी पानं, बिया, शिंपले, खडे, माती हीच साधनं मानली. आज पाचशे-हजार रुपयांना मिळणाऱ्या 'क्राफ्ट किट'च्या खोक्यापुढे ते मागासलेलं वाटू शकेल. पण बोटांच्या दृष्टीनं पाहिलं तर खोक्यातलं बरंचसं काम कारखान्यात आधीच उरकलेलं असतं. आकार कापलेले, मागे चिकटपट्टी लावलेली. मुलानं फक्त डकवायचं.

परातीतला पहिला वर्ग

पोळ्यांसाठी भिजवलेल्या कणकेतला लिंबाएवढा गोळा हे दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी सर्वांत चांगलं साहित्य आहे. तो दाबताना तळहाताची खोलगट कमान तयार होते, दोन्ही हातांत गोल फिरवताना दोन हातांना एकमेकांशी जुळवून घ्यावं लागतं, पोळपाटावर तळव्याखाली लांबवून 'साप' करताना दाब सारखा ठेवावा लागतो. सापाचे चिमटीनं तुकडे तोडले की तीच तीन बोटं कामाला लागतात, जी पुढे पेन्सिल धरणार आहेत. मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या आजीच्या बोटांकडे नीट पाहावं. पेन्सिलच्या पकडीचा त्याहून उत्तम नमुना सापडणार नाही. अन्नाशी खेळू नये, हा संस्कार अनेक घरांत असतो आणि तो वाईट नाही. तिथे शेवटी त्याच गोळ्याची वेडीवाकडी छोटी पोळी भाजून मुलाला खाऊ घालावी. प्रश्न मिटतो.

बाजारातल्यासारखी टिकाऊ कणीक हवी असेल तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं पाणी घेऊन घट्ट मळतात. झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ती काही दिवस राहते. मात्र तिच्यात मीठ फार असतं. मोठा तुकडा गिळला गेला तर लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक वाढू शकतं. ज्या वयात सगळं तोंडात जातं, त्या वयात साधी, बिनमिठाची कणीकच बरी.

कणकेनंतर कागद, आणि कागदात आधी फाडणं, मग कापणं. रद्दी फाडणं मोठ्यांना पसारा वाटतो, पण कागद सरळ फाडायचा तर एक हात स्थिर ठेवून दुसरा उलट दिशेला न्यावा लागतो. कात्री चालवताना हेच लागतं. मूल तंतूंच्या दिशेनं फाडतं तेव्हा पट्टी सरळ निघते, आडवं फाडलं की वाकडी. वर्तमानपत्रानं हे करून पाहावं. कारखान्यात कागद यंत्रावरून वाहत असताना लगद्यातले तंतू एका दिशेला लागतात, म्हणून असं होतं. मोठ्या पुठ्ठ्यावर हत्तीची बाह्यरेषा काढून त्यात फाडलेले तुकडे चिकटवणं हे तीन वर्षांच्या मुलाला अर्धा तास पुरतं. अर्धा तास म्हणजे त्या वयात फार झाला.

चिकटवायला मैद्याची खळ उत्तम. दोन चमचे मैदा वाटीभर थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. शिजताना मैद्यातल्या स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि त्याचा चिकट लगदा होतो. पिठलं घट्ट होतं त्यामागचंही हेच कारण. एक खबरदारी : पुस्तकं बांधणारे लोक खळीला कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालत आणि काही जुन्या जाणत्यांच्या हातून अजूनही घातला जातो. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, ते विषारी आहे. मुलांच्या खळीत ते अजिबात नको. खळ दोन दिवसांत आंबली तर फेकून नवी करावी.

कात्री गोल टोकाची, पण धार असलेली घ्यावी. बोथट प्लॅस्टिकच्या कात्रीनं कागद कापला जात नाही, दुमडतो आणि मूल कंटाळतं. सुरुवातीला बोटभर रुंदीच्या पट्ट्या द्याव्यात, एका चिमट्यात तुकडा पडतो. सरळ रेषेवर कापणं साडेतीन-चारच्या सुमारास, गोल कापणं त्यानंतर. दर दहा माणसांमागे साधारण एक डावखुरा असतो. त्याच्या हातात नेहमीची कात्री दिली तर पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि कापायची रेषा पात्यामागे झाकली जाते. असं मूल 'धांदरट' नसतं, कात्री उलटी असते. डावखुऱ्यांसाठीची वेगळी कात्री मिळते.

ठसेकामाला भाजीची टोपली पुरे. भेंडीच्या आडव्या कापाचा ठसा फुलासारखा येतो, कोबीचा समुद्राच्या लाटांसारखा. रंगांसाठी बीट किसून पिळलेलं पाणी, पालकाचा रस आणि हळद. या हळदीतच एक प्रयोग दडलेला आहे. कोऱ्या कागदाला हळदीचं दाट पाणी फासून वाळवायचं, मग साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर चित्र काढायचं. पिवळ्यावर लालभडक रेघ उमटते. वर लिंबाचा थेंब टाकला की रेघ पुन्हा पिवळी. हळदीतलं कुरकुमिन अल्कलीत लाल होतं. पूर्वी हळदीपासून कुंकू बनवत ते याच गुणावर. गोकर्णाच्या निळ्या फुलांचा अर्क लिंबानं जांभळा-गुलाबी होतो. मात्र लाल रंग अधिक गडद यावा म्हणून खायचा चुना वापरू नये. चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं आणि लहान मुलाचा हात डोळ्याकडे जाणारच.

डब्यात काय असू नये

हस्तकलेच्या डब्यात मणी, टिकल्या, बटणं, कडधान्यं असतात. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घरात हाच डबा घात करू शकतो. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. जी वस्तू त्या नळीत पूर्ण मावते, ती लहान मुलाच्या घशात अडकू शकते असं मानलं जातं. घरी पुठ्ठ्याला ३२ मिलिमीटरचं गोल भोक पाडून ही चाचणी करता येते. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे भोक त्याहून थोडं मोठं. चार सेंटिमीटरचं केलं तर अधिक निर्धास्त. एवढ्या लहान मुलानं मणी ओवण्याऐवजी सुतळीत प्लॅस्टिकच्या बांगड्या ओवाव्यात, किंवा लाटण्यावर त्या चढवाव्यात आणि काढाव्यात.

कडधान्यांचं चित्र हा शाळांचा आवडता प्रकार. वाटाणा, राजमा, हरभरा नाकात किंवा कानात घालणारी मुलं कान-नाक-घसा तज्ज्ञांना नवी नाहीत. बी ओलाव्यानं फुगते आणि जास्तच घट्ट बसते. म्हणून कानात बी गेली तर तेल-पाणी घालू नये आणि घरी चिमट्यानं कोरू नये; बी आत सरकते. मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येणारा स्राव वाहत असेल तर तो सर्दीचा न समजता डॉक्टरांना दाखवावा, आत काहीतरी अडकलेलं असण्याची शक्यता मोठी असते. शेंगदाणा तर श्वासनलिकेत जाणाऱ्या वस्तूंत आपल्याकडे वरच्या क्रमांकावर असतो.

घशात काही अडकून मूल खोकू शकत असेल तर त्याला खोकू द्यावं. आवाज निघेनासा झाला, चेहरा निळा पडू लागला तर वेळ घालवू नये. वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून खांद्यांच्या मध्ये पाच थापा आणि मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब. त्याहून मोठ्या मुलाच्या मागे उभं किंवा गुडघ्यावर बसून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर झटके. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालू नये. दुसऱ्या कुणीतरी तोवर १०८ ला फोन लावावा. हे वाचून ठेवण्यापेक्षा एकदा प्रत्यक्ष शिकून घेतलेलं बरं.

चमकणाऱ्या ग्रीटिंग कार्डांत, छोट्या दिव्यांत नाण्यासारखी बटण बॅटरी असते आणि सुटे भाग काढून दुसरं काही करण्याच्या नादात ती हाताशी येते. अन्ननलिकेत अडकली तर तिच्या प्रवाहानं तिथल्या ओलाव्यात तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत खोल भाजतं. ती विझलेली असली तरी धोका संपत नाही. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट मोठ्या रुग्णालयात. ताकदवान छोटे चुंबक दोन गिळले गेले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मध्ये चिमटून भोक पाडतात. पाण्यात फुगणारे रंगीत जेलचे मणी पोटातही फुगतात. या तिन्ही वस्तू लहान मुलांच्या घरात हस्तकलेसाठी आणूच नयेत. 'लक्ष ठेवू' हा त्यावर उपाय नाही. बोरॅक्स घालून केलेला स्लाइमही वगळावा, कणीक आहे ना.

रंगांबाबत एवढंच : भिंतीच्या किंवा लोखंडाच्या रंगाचे उरलेले डबे मुलांच्या पणत्यांना वापरू नयेत. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त असू नये हा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण माळ्यावरचा डबा त्याआधीचा असू शकतो. खेळणी घेताना आयएसआय खूण पाहावी. १ जानेवारी २०२१ पासून ती बंधनकारक आहे.

हे कुणी केलं?

कार्यानुभवाच्या आदल्या रात्री अनेक घरांत आई-बाबा घोटीव कागद कापत बसलेले असतात. सकाळी शाळेत गेलेला मोर सुबक असतो आणि ज्याच्या नावानं तो गेला, त्या मुलाचा हात त्याला लागलेला नसतो. स्टेशनरीच्या दुकानात तयार 'प्रोजेक्ट' मिळू लागल्यापासून तर आई-बाबांचाही लागत नाही. शाळा सुबकपणाला गुण देतात, तोवर याचा दोष एकट्या पालकांवर टाकता येणार नाही.

मुलाच्या वाकड्या कामात काय घडतं, याचा एक पुरावा अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात करिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ मध्ये मांडला. वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरं हातानं काढायला दिली, काही ठिपक्यांवरून गिरवायला, तर काही कळफलकावर दाबायला. नंतर एमआरआय यंत्रात तीच अक्षरं दाखवली. पुढे वाचनासाठी वापरला जाणारा मेंदूचा भाग हातानं काढलेल्या अक्षरांनी अधिक चेतला. गिरवलेल्या आणि टंकलेल्या अक्षरांनी तसा चेतला नाही. अभ्यास लहान होता, त्यावर मोठी इमारत उभी करू नये. पण दर वेळी वेगळं, चुकतमाकत निघालेलं 'अ' मेंदूला काहीतरी शिकवतं, ते ठिपके जोडून शिकवता येत नाही, असं त्यातून दिसतं.

दुसरा प्रश्न कौतुकाचा. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग यासाठी आजही सांगितला जातो. चित्र काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना 'चित्र काढलंस तर प्रमाणपत्र देऊ' असं आधी सांगितलं आणि दिलं. काहींना न सांगता अचानक दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात रंग पुन्हा समोर ठेवले, तेव्हा कबूल करून बक्षीस दिलेल्या मुलांनी इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढण्यात घालवला. खेळ होता, त्याचं काम झालं. 'वा, छान' म्हणण्याऐवजी 'हे काय आहे, सांग बघू' एवढं विचारलं तरी मूल पाच मिनिटं बोलतं.

काही मुलांना मात्र नुसत्या सरावापलीकडची मदत लागते. वर्ष पूर्ण होण्याआधीच बाळ एकच हात वापरत असेल आणि दुसरा मुठीत आवळलेला राहत असेल, किंवा पाच वर्षांनंतरही खडू मुठीतच असेल, मोठी बटणं लावता येत नसतील, हाताला ओलं-चिकट लागताच रडू फुटत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारावं. ते गरजेनुसार ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवतात.

सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी अरविंद गुप्तांचा काड्यांचा सांगाडा अजून शिळा झालेला नाही. आयआयटीत शिकलेल्या या अभियंत्यानं काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे यांतून भूमिती शिकवली आणि पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रात कितीतरी वर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी केली. काड्यांची गुलं आधी खरवडून टाकायची. मग चौकोन करायचा. तो बोटानं ढकलला की कलंडतो. त्रिकोण करायचा, तो कितीही ढकलला तरी जागचा हलत नाही. रेल्वेच्या पुलावर, विजेच्या मनोऱ्यावर त्रिकोणच का असतात, ते न सांगता कळतं. घरात धाकटं भावंड असेल तर रबराचे तुकडे मोजून द्यावेत आणि मोजून घ्यावेत.

आणि दिवाळीचा किल्ला तर आहेच. फ्लॅटमध्ये अंगण नसलं तरी जुन्या परातीत, विटा-दगडांवर गोणपाट टाकून वर चिखल थापता येतो. मातीत हात घालण्याला हरकत नाही, खेळ संपल्यावर साबणानं नखांसकट हात धुतले पाहिजेत. धनुर्वाताची लस वेळेवर झालेली असावी आणि राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडीत-शाळेत मिळणारी गोळी चुकवू नये. तट थापून झाला की ओल्या मातीवर हळीव पेरायचे. हळिवाच्या दाण्याभोवती ओलाव्यानं बुळबुळीत थर येतो, त्यामुळे तो उतारावरही चिकटून राहतो. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात, आठवडाभरात बुरूज हिरवे होतात. तोवर पायथ्याशी कुणाचा मावळा उभा राहणार, यावरून घरात तंटा सुरू झालेला असतो.